पायरीवर झोपणाऱ्या आजोबांसाठी पुण्यात नक्की कुणाला कळवायचं?

मुठाकाठचा
आमच्या सिंहगड रोडला एका बंद दुकानाच्या पायरीवर महिनाभर एक आजोबा झोपतायत. सत्तरीच्या पुढचे असतील. खाली गोणपाट, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणि चपला पिशवीच्या बंदाला बांधून उशाशी. दारूबिरू काही नाही हो, सकाळी मी दूध आणायला जातो तेव्हा पायरी झाडून नीट बसलेले असतात. मागच्या आठवड्यात चादर दिली, दोन दिवसांत गायब, विचारलं तर नुसते हसले. थंडी १० च्या खाली चाललीये. पोलिसांना कळवलं तर हुसकून लावतील अशी भीती वाटते. मनपाचं काही असतं का, की नुसतं कागदावरच?

पेठी_वैतागलेला
चादर विकली असणार, दुसरं काय. आमच्या चौकात वर्षानुवर्षं हेच बघतोय, निवाऱ्यात न्यायला येतात आणि चौथ्या दिवशी हे परत तिथेच.

रातपाळी
वैतागराव, विकली असेलही, पण बऱ्याचदा चोरीला जाते नाहीतर फूटपाथ साफ करताना कचऱ्याबरोबर जाते आणि तिच्यासोबत आधारकार्ड, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद सगळंच जातं. म्हणून तर चपला बांधून झोपतात.

मुठाकाठचा, मी दोन हिवाळे एका निवाऱ्याच्या लोकांबरोबर रात्री फिरलोय, त्यावरून सांगतो. कागदावर नाही, निवारे खरंच आहेत. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलं की मोठ्या शहरांत लाख लोकांमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास, नुसता थंडीपुरता नाही. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्याला पैसे यायला लागले. मनपाच्या समाज विकास विभागात विचारा, तुम्हाला जवळचा कुठला ते सांगतील. आधार नाही म्हणून परत पाठवायचं नसतं, कुणी पाठवलं तर तिथेच उभं राहून भांडा.

शिवाय १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं काम ते बघतात. रात्री अंग तापलंय, नीट बोलत नाहीयेत असं दिसलं तर मात्र वाट बघू नका, सरळ १०८.

पण त्याआधी त्यांना विचारा हो! पहिल्या दिवशी "चला निवाऱ्यात" म्हणू नका. उभ्याने बोलू नका, शेजारी पायरीवर बसा, चहा घ्या, गाव विचारा. फोटो काढायचा नाही. माझा अनुभव असा की चार-पाच खेपा झाल्याशिवाय माणूस हो म्हणत नाही, आणि म्हणायच्या आधी पहिला प्रश्न जेवणाचा नसतोच, "पिशवी आत नेऊ देतात का?" हा असतो. नवराबायको असतील तर अजून अवघड, बरेच निवारे बाप्यांचे वेगळे, बायकांचे वेगळे, मग दोघं म्हणतात आम्ही फूटपाथवरच बरे. परत येतात ते त्यामुळे, वैतागराव, माज म्हणून नाही.

सिस्टर_ताई
एक अ‍ॅड करते. माणूस स्वतःशीच बडबडत असेल, कपड्यांचं भान नसेल तर प्रकरण वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं ही पोलिसांचीच जबाबदारी आहे, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. तेव्हा पोलिसांना कळवायला घाबरू नका, फक्त कलम तोंडपाठ ठेवा, त्याने फरक पडतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशाच लोकांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. तुमचे आजोबा त्यातले वाटत नाहीत, पायरी झाडतात म्हणजे भान पक्कं आहे.

पेठी_वैतागलेला
ठीके. पण दुकानवाल्याच्याही बाजूने कुणीतरी बोला, सकाळी शटर उघडायचं त्याने कसं?

रातपाळी
दुकान बंद आहे म्हणाले ना ते 😄

मुठाकाठचा
अपडेट देतो. तीन दिवस चहा घेऊन बसलो. बार्शीकडचे आहेत, मार्केटयार्डात हमाली करायचे, पाठ गेली. पोराचं नाव काढलं की विषय बदलतात म्हणून मी पण सोडून दिला. १४५६७ ला फोन केला, माहिती लिहून घेतली, माणूस पाठवतो म्हणाले. रातपाळी, तुमचं खरं निघालं, निवाऱ्याचं बोललो तर आजोबांनी विचारलं सामान कुठे ठेवायचं. मी म्हटलं आधी दोघं जाऊन नुसतं बघून येऊ, नाही पटलं तर परत. त्यावर हो नाही आणि नाहीही नाही. उद्या येताना दाढीचं ब्लेड आण म्हणाले.