दोन वर्षांच्या लेकराला हॅलोवीनला दारोदार न्यावं का?

एडिसनची आई
आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसन गावात ऑक्टोबर लागला की पायऱ्यांवर भोपळे, कुंपणांवर कोळ्यांची जाळी आणि अंगणात सांगाडे दिसायला लागतात. लेक दोन वर्षांची आहे. ३१ तारखेला, हॅलोवीनला, तिला ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे सोंगाचा पोशाख घालून दारोदार खाऊ मागायला, न्यायचं मी ठरवलंय आणि विरोध घरातूनच आहे. सासूबाई म्हणतात, भुताखेतांचा सण आपल्याला कशाला? नवरा म्हणतो, तिला काय कळणार?

माझं मत ठाम आहे. न्यावं, पण तिला झेपेल तेवढंच. उजेड असताना, ओळखीच्या मोजक्या घरी, मुखवट्याशिवाय. इथे माणसं गाडीतून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून थेट घरात जातात, महिनोन्महिने शेजारी दिसत नाही. पोर्चचा दिवा लागलेला असला की कुणाचंही दार वाजवावं, अशी वर्षातली ही एकच संध्याकाळ. ती माझ्या मुलीला मिळायला हवी.

पुण्याची आजी
मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूची. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी रक्ताळलेले चेहरे, हे त्या वयाला दाखवायचं? माझा नातू कॅलिफोर्नियात असतो. व्हिडिओ कॉलवर तो भोपळा कौतुकाने दाखवतो. आकाशकंदील दाखवत नाही, कारण घरात तो लावलेलाच नसतो. परक्या सणाचा मला राग नाही. पोशाखासाठी आईबापांना वेळ मिळतो आणि कंदिलासाठी मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

टेक्सासचा बाबा
काकू, कंदिलाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सण परका म्हणून भयंकर ठरत नाही. १९व्या शतकात आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी तो अमेरिकेत आणला. तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, इथे भोपळा मुबलक मिळाला. आणि या वयाच्या मुलाला त्यातलं भूत दिसतच नाही, उघडलेलं दार दिसतं. आमच्या चिरंजीवांनी कँडीकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या आजींनी दार उघडलं तसा हा त्यांच्या पायांजवळून सरळ आत गेला आणि गालिच्यावर त्यांच्या कुत्र्याशेजारी फतकल मारून बसला. बाहेर काढताना रडला. त्या आजी आता त्याला नावाने हाक मारतात.

मडगावचा मामा
पुण्याच्या काकू, तुम्ही म्हणता त्याच पहाटे आमच्या गोव्यात काय असतं ते पाहा. कागद-बांबूचे उंचच्या उंच नरकासुर, लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत. तान्ही पोरंसुद्धा बापाच्या खांद्यावर बसून बघतात. तेव्हा भीतिदायक म्हणजे आपलं नव्हे, हे मला पटत नाही. मात्र उजाडताना नरकासुर जळतो, तो संपलेला पोराला डोळ्यांनी दिसतो. हॅलोवीनचा सांगाडा आठवडेच्या आठवडे अंगणात तसाच उभा. ज्याला खरं-खोटं अजून वेगळं करता येत नाही, त्याने त्याचं काय करायचं? म्हणून मी म्हणेन, पाच वर्षांची होईपर्यंत थांबा.

शिकागोची नर्स
मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून भुतांपेक्षा मला गाड्यांची धास्ती जास्त. अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास २०१८ मध्ये आला होता. आगेमागच्या आठवड्यांतल्या त्याच संध्याकाळच्या वेळेपेक्षा हॅलोवीनला पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त निघाला. काळोखाच्या आत घरी या. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळ्या, शेंगदाणे, पॉपकॉर्न अजिबात नको, घशात अडकतात. चमकणाऱ्या खेळण्यांतली बटणासारखी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. दारात निळसर-हिरवा भोपळा असेल तर तिथे खाऊऐवजी स्टिकर किंवा छोटं खेळणं मिळतं, अशी घरं आधी निवडा.

ठाण्याचा बाबा
तिकडे राहणाऱ्यांचं समजू शकतो. आमच्या प्लेस्कूलने इथे हॅलोवीनचा पोशाख सक्तीचा केला. तोंडाला रंग फासल्यावर माझी मुलगी आरशात बघून किंचाळली, दोन रात्री तिला झोप नव्हती. शेजाऱ्याचं दार वाजवायला आम्हाला ३१ ऑक्टोबर लागत नाही, फराळाची ताटं फिरतातच. ज्या कारणासाठी तुम्ही हे करताय, ते कारणच इथे नाही.

एडिसनची आई
ठाण्याच्या बाबांशी सहमत. तिथे राहत असते तर मीही केलं नसतं, आणि सक्ती तर कुठेच नको. आजी, तुमचं बोलणं लागलं. या वर्षी कंदील पोर्चवरच लावणार, भोपळ्याच्या शेजारी. येणाऱ्या मुलांनाही तो दिसेल.

मामा, पाच वर्षं मात्र थांबणार नाही. आदल्या दिवशी दुपारी तिला घेऊन त्याच रस्त्याने चालून येईन. सेन्सरवर ओरडणारे सांगाडे कुठल्या अंगणात आहेत ते तेव्हाच कळेल, ती घरं वगळायची. आणि दारात जाऊन रडलीच तर लगेच घरी. पायरीवर बसून येणाऱ्या मुलांना तिच्या हाताने स्टिकर वाटू.

मडगावचा मामा
हे पायरीवर बसायचं आधी करा. चालणं पुढच्या वर्षी.