मरळीसाठी २००० रुपयांत स्पिनिंग रॉड कोणता?

प्रश्न: गिरणा धरणाच्या काठाला, गवतातली मरळ धरायची आहे. टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) रॉड चालेल का?

उत्तर १: नको भाऊ. सांधे सैल पडतात, दोरी ओवायच्या कड्या फिरतात, मग दोरी घासते. बास माशासाठी म्हणून विकतात तोच ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम-हेवी, म्हणजे जरा ताठ, घ्या. रबरी बेडकाला (नकली आमिष) ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी.

उत्तर २: घेण्याआधी प्रत्येक कडीतून कापूस फिरवा. तंतू अडकले तर आतली रिंग तडकलेली; ब्रेड तिथंच झिजून तुटते. दुकानदार हसेल, हसू द्या.

उत्तर ३: नुसते ५-७ ग्रॅमचे स्पिनर (फिरत्या पात्याचं नकली आमिष) फेकणार असाल तर मीडियमच बरा; ताठ रॉडनं हलकं ल्युअर (नकली आमिष) लांब जात नाही. गवतात ड्रॅग (रिळातून दोरी सुटू देणारा ब्रेक) मात्र घट्टच ठेवा, नाहीतर मरळ मुळांत शिरते.