गोदो वाचताना हसू येतंय आणि नोट्समध्ये नुसती 'निरर्थकता'! कसं वाचायचं हे?

खिडकीजवळचा_बाक
एमए इंग्लिशला आहे. लिटररी मूव्हमेंट्सचा पेपर म्हणजे स्लो लोकल झालीय, रोमँटिसिझम, रिअलिझम, सिम्बॉलिझम, सररिअलिझम, प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबते आणि सगळीकडे तेच, पार्श्वभूमी, वैशिष्ट्यं, प्रमुख लेखक, संपलं. पाठ होतं त्यामुळे तक्रार नव्हती. पण आता ॲब्सर्ड ड्रामा आलाय आणि बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'वरच्या (व्लादिमीर आणि एस्ट्रॅगॉन हे दोन भटके कधीच न येणाऱ्या गोदोची वाट बघत बसतात ते नाटक) नोट्समध्ये एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहिलीय की महायुद्ध झालं, देवावरचा विश्वास उडाला, मानवी जीवन निरर्थक आहे. आणि मी रात्री ते नाटक वाचताना चक्क हसत होते. तो बूट निघता निघत नाही, गाजर मागितलं तर आधी सलगम हातात येतं, तीन टोप्या दोघांच्या डोक्यावरून गरागरा फिरतात. रूममेटला वाटलं मी रील्स बघतेय. मग त्यातल्या लकी या गळ्यात दोरी असलेल्या नोकराचं ते न थांबणारं भाषण आलं आणि हसू गेलं, पण का गेलं ते सांगता येईना. वर्गात विचारलं तर म्हणे विनोद वरवरचा आहे, आतलं दुःख बघा. आता मला सांगा, जीवन निरर्थक आहे एवढंच म्हणायचं होतं तर ते एका वाक्यात झालं असतं की, दोन अंक कशाला? आणि दुसरं, सररिअलिझमला ब्रेतॉंचा १९२४ चा जाहीरनामा आहे तसा ॲब्सर्डवाल्यांचा कुठला? मला तर कुठे सापडला नाही.

विंगेतून
सापडणार नाही, कारण नाहीचे. ही माणसं कधी एकत्र बसून चळवळ वगैरे काढायला गेलीच नाहीत. नाटककार आयनेस्कोचं 'द बाल्ड सोप्रानो' पॅरिसला १९५० मध्ये आलं, गोदो जानेवारी १९५३ मध्ये तिथल्याच एका छोट्या थिएटरात, आणि थिएटर ऑफ द ॲब्सर्ड हे नाव समीक्षक मार्टिन एस्लिनच्या पुस्तकामुळे रूढ झालं, ते पुस्तक १९६१ चं. म्हणजे नाटकं आधी, पाटी नंतर. आयनेस्कोला तर ते लेबल फारसं रुचलंही नव्हतं.

हसण्याबद्दल एक किस्सा सांगतो, तो सरांना सांग. गोदोच्या शेवटी एस्ट्रॅगॉन गळफासासाठी म्हणून कमरेची दोरी सोडतो आणि त्याची पँट घसरून खाली पडते. पॅरिसच्या पहिल्या प्रॉडक्शनमध्ये त्या नटाला ते लाजिरवाणं वाटलं म्हणून तो पँट कमरेवर अडकवून ठेवायला लागला. बेकेटला हे कळल्यावर त्याने दिग्दर्शक रॉजे ब्लँला पत्र लिहिलं की पँट पूर्ण खाली घोट्यापर्यंत पडलीच पाहिजे. विचार कर, मरायला निघालेल्या माणसाची पँट पडते आणि लेखक त्यावर अडून बसतो. आता यात वरवरचं काय आणि आतलं काय ते वेगळं करून दाखवा म्हणावं! आम्ही कॉलेजात यातला एक तुकडा बसवला होता, तालमीत कळलं की दुःखी चेहरा करून केलं की सगळं मेलेलं वाटतं आणि टायमिंग पकडून केलं की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. मोठ्याने वाच, शक्यतो दोघी मिळून वाचा, रूममेटला धर.

सरळसोट
मी हे नाटक बघितलंय, मध्यंतरात वडापाव खाल्ला आणि घरी आलो. काही घडतच नाही राव. लोक उगाच डोक्यावर घेतात.

जुना_परीक्षक
सरळसोट, एकटे नाही तुम्ही. १९५६ मध्ये अमेरिकेत मायामीला याची जाहिरात धमाल विनोदी नाटक अशी केली होती आणि पहिल्याच प्रयोगाला निम्मं थिएटर उठून गेलं. पण पुढच्याच वर्षी सान क्वेंटिन तुरुंगात प्रयोग झाला, समोर जवळपास १४०० कैदी, नाटक निवडायचं कारण काय तर त्यात एकही बाई नाही, आणि ते सगळे शेवटपर्यंत बसले. वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एस्लिनचं पुस्तक या प्रयोगापासूनच सुरू होतं.

बाळ, तुझ्या एका वाक्याच्या प्रश्नाला एस्लिनकडेच उत्तर आहे. कामू आणि सार्त्र हे फ्रेंच विचारवंत-नाटककारही जगण्याला अर्थ नाही म्हणतात, पण त्यांच्या नाटकातली माणसं ते मुद्देसूद बोलतात, युक्तिवाद करतात. इकडे बेकेट-आयनेस्को युक्तिवादच सोडून देतात, संवाद आणि घटना यांचीच मोडतोड करतात. आयनेस्को इंग्रजी शिकायला ॲसिमिल कंपनीचं पुस्तक घेऊन बसला होता, त्यातल्या वाक्यांवरून त्याला 'द बाल्ड सोप्रानो' सुचलं. त्यात मिसेस स्मिथ नवऱ्याला सांगते की आपण लंडनजवळ राहतो आणि आपलं आडनाव स्मिथ आहे, जणू त्याला माहीतच नाही. मार्टिन नवरा-बायको तर बोलता बोलता शोध लावतात की आपण एकाच घरात, एकाच पलंगावर झोपतो. निरर्थकतेवर एक ओळही न बोलता ती समोर येते. पेपरात हे उदाहरण घातलंस तर महायुद्धाचा परिच्छेद दोन ओळीत आटपला तरी चालतो. वर्षानुवर्षं तोच परिच्छेद तपासून डोळे थकलेत माझे.

पर्वती_पायथा
मराठीतलं पण वाचा की कुणीतरी! सतीश आळेकरांचं महानिर्वाण, १९७४, थिएटर अकॅडमी. भाऊराव मेलेत आणि उठून आपल्याच मरणाचं कीर्तन लावतात, वर हट्ट असा की मला जुन्या स्मशानातच जाळा, आणि ते तर बंद झालंय. मुलगा बिचारा हैराण. पॅरिसची नक्कल म्हणू नका हां, यातलं हसू चाळीतलं आणि कीर्तनातलं आहे. पण परीक्षक सर म्हणाले ना तसंच काहीसं इथेही होतं, कीर्तनकार म्हटला की काहीतरी बोध मिळणार असं धरून आपण बसतो आणि इथे गादीवर प्रेत उभं! याला ॲब्सर्ड म्हणायचं की नाही यावर लोक भांडतात, भांडू देत.

खिडकीजवळचा_बाक
पँटचा किस्सा भारी आहे दादा, उद्याच वर्गात टाकते. सर, लकीच्या भाषणाचं आता थोडं लक्षात येतंय. तो विद्वानांसारखंच बोलतो, 'अमुक यांच्या मते' वगैरे सगळं जागच्या जागी, फक्त वाक्य कुठे पोचतच नाही, आणि मी दोन वर्षं साधारण तशीच उत्तरं लिहितेय म्हणून बहुतेक हसू थांबलं असेल 😅 महानिर्वाणची प्रत लायब्ररीत आहे का बघते. रूममेट व्लादिमीर व्हायला तयार आहे पण म्हणते टोपी तू आण.

विंगेतून
टोप्या तीन लागतील.