मदत हवी आहे: आमचं घर 'ट्रेलर' आहे म्हणून शेजाऱ्यांनी अडवलंय

नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलायनात, रालेपासून तासाभरावर आम्ही अर्ध्या एकराचा प्लॉट घेतलाय. जागेवर बांधकाम परवडेना, म्हणून कारखान्यात तयार होऊन दोन भागांत ट्रकवरून येणारं डबल-वाइड घर ठरवलं. तर शेजारी खवळलेच! 'ट्रेलर आला की आमच्या घरांचे भाव पडणार' म्हणून काउंटीकडे (इथल्या जिल्हा प्रशासनाकडे) अर्ज. अहो, ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) कसला? १५ जून १९७६ पासून अशा घरांना फेडरल हड कोड, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचे (HUD) बांधणीचे नियम, लागू आहे, प्रत्येक भागावर धातूची लाल पट्टी असते. पण ऐकतंय कोण!

इथल्या कायद्याने काउंटीला अशी घरं आपल्या हद्दीतून सरसकट हद्दपार करता येत नाहीत. दिसणं आणि मापं यांवर अटी मात्र घालता येतात. त्या आम्ही पाळू. खरी धास्ती खरेदीखतातल्या जुन्या अटीची. तिथे नुसतं 'मोबाइल होम नको' एवढंच लिहिलंय. ती आमच्या घराला लागते का? कुणी या राज्यात असं घर बसवलंय का? आधी वकील गाठावा की झोनिंग ऑफिस (कुठल्या जागेवर काय बांधता येईल ते ठरवणारं)? सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि आम्ही बयाणा देऊन बसलोय.