कोळ्याला जाळं विणायला कोण शिकवतं?

मागवाला (विटा)
बावीस वर्षं झाली यंत्रमागावर. पहिले सहा महिने मला नुसत्या कांड्या भरायला बसवलं होतं. तुटलेली तार हुडकून गाठ मारता यायला वरीस गेलं, आणि तोवर जॉबरच्या शिव्या किती खाल्ल्या त्याचा हिशोब नाही.

सांगायचं कारण असं. शेडच्या मागच्या दारावर बल्ब आहे. रात्रपाळीला चहा घेऊन तिथं उभा राहिलो की एक कोळी दिसतो. अंधार पडला की काम सुरू, तासाभरात जाळं तयार. पहाटे बघावं तर एखादी तार सोडून सगळं गायब. गेल्या आठवड्यात त्याच्याच खाली, दाराच्या कडीत, मोहरीएवढं पिल्लू बसलेलं. त्याचं जाळं वाटीच्या तोंडाएवढं, पण उभे-आडवे धागे जागच्या जागी. एक फट चुकलेली नाही. पहिल्या दिवशी मागावर असं कापड कुणाचं आलंय सांगा. आईकडं बघून शिकतं, का पोटातनंच शिकून येतं?

मास्तर (सातारा)
आधी एक दुरुस्ती. तो बहुतेक कोळी नव्हे, कोळीण असणार. गोल जाळी विणणाऱ्या जातींत नर वयात आला की जाळं सोडून मादीच्या शोधात फिरतो.

आईकडं बघून शिकायचं तर नजर हवी, आणि या कोळ्यांची नजर अगदी अधू असते. सगळं विणकाम पायांच्या स्पर्शावर, मिट्ट काळोखात चालतं. पिल्लं थोड्याच दिवसांत धागा वाऱ्यावर सोडून उडून पांगतात, शिकवणी घ्यायला थांबतंय कोण? पिल्लांना अरुंद काचनळ्यांत वाढवूनही पाहिलंय. जाळं घालायला जागाच नाही. मोठी झाल्यावर मोकळं सोडलं, तर त्यांनी नेहमीसारखंच जाळं विणलं.

तुमच्या भाषेत सांगतो. आधी चौकट आणि मधून निघणारे आरे, हा ताणा, म्हणजे उभे धागे. मग मधून बाहेर जाणारा विरळ, कोरडा फेरा. हा बाणा, म्हणजे आडवा धागा नव्हे, ही गवंड्याची परांची. खरा चिकट बाणा बाहेरून आत येताना पडतो, आणि तो टाकता टाकता ती परांची काढत येते. पुढचा पाय लांबवून आधीचा फेरा चाचपायचा, अंतर घ्यायचं, धागा चिकटवायचा. तुमचा पहाटेचा माल चोरीला जात नाही, तीच तो खाऊन टाकते. त्यातलं प्रथिन पुन्हा धाग्याला लागतं.

2021 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अंधारात बघणारे कॅमेरे लावून कोळ्यांच्या पायांची हालचाल टिपली. नुसती पायांची ठेवण बघून जाळ्याचा कुठला टप्पा चालू आहे ते सांगता आलं, इतकं ते ठरलेलं.

द्राक्षवाला (तासगाव)
मास्तर, एवढं ठरलेलं असेल तर माझ्या बागेतली जाळी एकासारखी एक का नाहीत? मांडवाच्या दोन तारांत जागा कमी असली की जाळं लांबुळकं, ओळीच्या टोकाला मोकळं असलं की ऐसपैस. आणि थोराड कोळ्याच्या जाळ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा असतो, बारक्यांचं जवळजवळ गोल. हे मी फवारणीला जाताना दरसाल बघतो (फवारणीनंतर बघायला फारसं काही उरत नाही, ते सोडा). म्हातारा झाला की शहाणा होतो म्हणायचं का?

मास्तर (सातारा)
बरोबर पकडलंत. मी जरा ताणूनच बोललो.

खालचा भाग मोठा, कारण वर चढण्यापेक्षा खाली धावणं सोपं, भक्ष्य लवकर गाठता येतं. वजन वाढलं की हा फरकही वाढतो, तेव्हा सगळं शहाणपणाच्या खात्यावर टाकू नका. पण अनुभवाचा वाटा आहे. जाळी घालायची सवय असलेल्या आणि नसलेल्या कोळ्यांची तुलना झाली, त्यात सवयीच्यांची जाळी खाली जास्त वाढलेली निघाली. आधी ज्या बाजूला भक्ष्य मिळालं, ती बाजू पुढच्या जाळ्यात वाढवतात असंही दिसलं.

1973 साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात अॅराबेला आणि अनिता अशा दोन कोळिणी नेल्या होत्या. अॅराबेलाचं पहिलं जाळं अगदीच गबाळं. खाली-वर कळायला वजनच नाही ना! थोड्या दिवसांत मात्र बऱ्यापैकी नीट विणायला लागली. विणायचं कसं ते घेऊनच गेली होती, तिथं कसं जमवायचं ते तिथंच उमगलं.

उलटा दाखलाही आहे. कोस्टा रिकात एका गांधीलमाशीची अळी कोळ्याच्या पोटावर वाढते. कोळ्याला मारण्याच्या रात्री ती त्याच्याकडून वेगळंच जाळं विणून घेते, थोड्याच जाड तारांचं, स्वतःचा कोश टांगायला. कोळी जाळ्याच्या सुरुवातीच्या काही चाली तेवढ्या पुन्हा पुन्हा करत राहतो. 2000 साली विल्यम एबरहार्ड यांनी हे मांडलं.

मागवाला (विटा)
म्हणजे आमच्या मागावर डिझाईनचं कार्ड अडकलं की एकच पट्टी येत राहते, तसंच की. आता कळलं.

काल लाकडी पट्टी घेऊन गेलो. मधापासून खाली एकोणीस सेंटिमीटर, वर अकरा. पिल्लाचं खाली-वर जवळपास सारखंच. पण मास्तर, मोठीचा डावा पुढचा पाय मोडलाय, मुळातूनच. परवा होता, मी बघितलाय. जाळं तरी पुरं केलं होतं, एका अंगाला चार-पाच फेरे दाटलेत तेवढंच. तुम्ही म्हणता पुढच्या पायानं माप घेते. मग त्या बाजूचं माप काल कशानं घेतलं?