मदत हवी आहे: फ्लोराइड मिठात ३१६ स्टील आणि निकेल

सांगलीत एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे. फ्लिनाक मीठ (लिथियम, सोडियम, पोटॅशियम फ्लोराइडचं मिश्रण, वितळणबिंदू ४५४ अंश सेल्सिअस), ६५० अंशांवर १०० तास, आर्गॉनखाली. मूस (मीठ वितळवायचं भांडं) ३१६ चीच असेल तर ३१६ च्या (क्रोमियमवालं स्टेनलेस स्टील) पट्टीचं वजन थोडंच घटतं. निकेलच्या मुशीत मात्र पट्टीच्या कणसीमा (धातूच्या स्फटिककणांमधल्या हद्दी) पोखरतात आणि क्रोमियम मुशीच्या भिंतीवर सापडतं. मीठ निर्वातात वाळवलं, लॉट बदलला, फरक शून्य. स्टीलला एरवी वाचवणारा ऑक्साइडचा थर इथे टिकत नाही हे ठाऊक आहे, तो प्रश्न नाही.

पट्टी निकेलच्या तारेनं टांगलेली, म्हणजे मुशीशी विद्युतजोड आहेच. क्रोमियम या जोडामुळे जातं की नुसतं मिठातून, हे वेगळं काढायचंय. त्यासाठी जोड तोडणारा विद्युतरोधक हवा. ॲल्युमिना मिठात विरघळतं, बाद. ग्लोव्हबॉक्स (निष्क्रिय वायू भरलेली हवाबंद पेटी) नाही, बजेटचं तर विचारूच नका.

बोरॉन नायट्राइडची बुश (रोधक नळी) टिकेल का? बोरिक ऑक्साइड बाइंडरवाली चालेल, की पायरोलिटिकच (वायूतून थर बसवून केलेली, बिनबाइंडरची) हवी?