इंग्रजीत सर्जनशील लेखन: आधी भाषा कमवावी, की लिहिता लिहिताच ती कमवता येते?

मूळ मांडणी

ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, पण ज्याला इंग्रजीत कथा किंवा ललित लिहायचे आहे, अशा प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: भरपूर वाचा, भाषा आपोआप येईल. या सल्ल्याच्या पूर्वार्धाशी माझे भांडण नाही, उत्तरार्धाशी आहे. मी पंधरा वर्षे इंग्रजी कादंबऱ्या वाचत आलो, आणि तरीही लिहायला बसलो की माझे वाक्य मराठीच्या सांगाड्यावर इंग्रजी शब्द चढवल्यासारखे उभे राहत असे. याचे कारण मला उशिरा उमगले. वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो, आणि अर्थ हाती लागला की वाक्य कसे रचले होते हे पाहायला तो मागे वळत नाही.

म्हणून माझे मत असे की आधी भाषा कमवावी, आणि ती चांगल्या गद्याच्या पुनर्रचनेतून कमवावी. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपली रीत सविस्तर सांगितली आहे. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना, मुलाच्या लेखनात सफाई, मांडणी आणि स्पष्टता कमी पडते हे वडिलांनी दाखवून दिले, तेव्हा त्यांनी १७११ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक खंड मिळवला. त्यातल्या निबंधाच्या प्रत्येक वाक्यातील आशयाची त्रोटक टिपणे ते काढत, ती काही दिवस बाजूला ठेवत, मग पुस्तक न पाहता त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहीत आणि शेवटी मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करत. शब्दांचा साठा तोकडा पडतो असे जाणवल्यावर त्यांनी काही मजकूर पद्यात घातला, कारण मात्रा आणि यमक सांभाळताना एकाच अर्थाचे वेगवेगळे शब्द शोधावेच लागतात. आणि मूळ गद्य विसरल्यावर ते पद्य पुन्हा गद्यात आणले. विचारांची जुळणी शिकण्यासाठी ते टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून ठेवत आणि काही आठवड्यांनी तो लावून पाहत.

मी हे स्वतः करून पाहिले. एका उताऱ्यातला थकलेला माणूस चढ चढतो, एवढेच माझ्या टिपणात होते. चार दिवसांनी मी लिहिले, ‘ही वॉक्ड स्लोली अँड टायर्डली अप द हिल’. मुळात होते, ‘ही ट्रज्ड अप द हिल’. मराठीत चालण्याची तऱ्हा आपण बहुधा क्रियापदाबाहेर ठेवतो: माणूस तरातरा चालतो, झपझप चालतो, पाय ओढत चालतो, मूल तुरुतुरु चालते, क्रियापद मात्र तेच राहते. इंग्रजी ती तऱ्हा क्रियापदाच्या पोटातच घालते, आणि ट्रज, स्ट्रोल, शफल, स्ट्राइड, टॉडल अशी त्या एका चालण्याची घराणी उभी राहतात. हे शब्द मला ओळखीचे होते, पण हाताला एकही सवयीचा नव्हता. मूळ उतारा शेजारी ठेवून ताडल्याखेरीज हा फरक मला जन्मात दिसला नसता.

तेव्हा सहा महिने केवळ अशी पुनर्रचना करावी आणि त्या काळात स्वतःची कथा लिहायला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असहमत असलेल्यांनी कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. फ्रँकलिन यांची रीत उत्तम आहे, पण इंग्रजी ही त्यांची मातृभाषा होती, ही बाब आपण नजरेआड केली आहे. कोणते वाक्य कानाला खटकते हे त्यांना आधीच कळत होते. त्यांना हवी होती ती केवळ सफाई. आपल्यासारख्याने मुळाशी ताडून पाहिले तर आपले वाक्य निराळे आहे एवढे कळते, मात्र ते निराळे असूनही बरोबर आहे की निराळे असल्यामुळे चूक आहे, हे कळत नाही. अशा वेळी शिकणारा मुळातले तेवढे सगळे बरोबर मानतो आणि स्वतःचे तेवढे सगळे पुसून टाकतो. सहा महिने हे केल्यावर हात नेटका होईल, पण आपल्याला सांगायचे काय होते, ते तोवर विझून गेलेले असेल.

माझा अनुभव उलट आहे. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांनी मला शाळेपासून छळले, कारण मराठीत उपपद हा प्रकारच नाही. व्याकरणाच्या पुस्तकातला नियम मला तोंडपाठ होता: प्रथम उल्लेखाला ‘अ’, परिचित वस्तूला ‘द’. तरीही चुका होतच राहिल्या. मग मी एक कथा लिहायला घेतली, जिचे पहिले वाक्य मनात मराठीत आले होते: तिने टेबलावर किल्ली ठेवली. इंग्रजीत मी ‘शी पुट अ की ऑन द टेबल’ असे लिहिले. वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले, ‘ही किल्ली तिच्या घराची नाही का? मग ती अनोळखी असल्यासारखी का आली?’ ‘अ’च्या जागी ‘द’ घातला आणि सगळी खोली बदलली. आता ती किल्ली कथेतल्या पात्रांच्या ओळखीची झाली, त्या किल्लीवरून आधी काहीतरी घडून गेले आहे हे वाचकाला न सांगता कळू लागले, आणि कथा मधूनच सुरू झाल्याचा भास निर्माण झाला. मराठीत ‘किल्ली’ म्हटले की संदर्भ पाहून वाचक ठरवतो. इंग्रजीत लेखकाला पहिल्या ओळीतच ठरवावे लागते की वाचकाला किती माहीत आहे असे धरायचे. हा व्याकरणाचा प्रश्न आहे तसाच निवेदनाचाही आहे, आणि सांगण्यासारखी स्वतःची कथा हातात नसती तर तो मला कधीच पडला नसता.

प्रतिसाद २

वरील दोन्ही मतांत वाचनाला दुय्यम स्थान दिले गेले आहे, ते मला मान्य नाही. स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेला विचार असा की समजेल असा, पण आपल्या पातळीच्या किंचित वरचा मजकूर सतत कानांवर आणि डोळ्यांवर पडत राहिला की भाषा आत उतरते. जाणीवपूर्वक पाठ केलेले नियम फार तर लिहिलेले तपासायला उपयोगी पडतात. हे मत तपशिलात वादग्रस्त असले, तरी एका बाबतीत त्याला पर्याय नाही, आणि ती म्हणजे शब्दांची सोयरीक. मुसळधार पावसाला इंग्रजीत ‘हेवी रेन’ म्हणतात, पण जोराच्या वाऱ्याला ‘हेवी विंड’ म्हणत नाहीत, त्याला ‘स्ट्राँग विंड’ म्हणतात. ‘स्ट्राँग टी’ चालते, ‘पॉवरफुल टी’ चालत नाही. याला नियम नाही. शब्द त्याच्या सोबतीवरून ओळखावा, असे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ म्हणत असत. मराठीतही आपण आंघोळ उरकतो असे म्हणतो, पण अभ्यंगस्नान उरकतो असे सहसा म्हणत नाही, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. अशा हजारो जोड्या पुनर्रचनेत किती सापडतील? त्या पानोपानी वाचूनच अंगवळणी पडतात.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद २ मधील शब्दांच्या सोयरिकीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु क्रॅशन यांच्या मताला दिलेले सर्वांत भक्कम उत्तरही येथे नोंदवले पाहिजे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुले शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकतात, अशा वर्गांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी केला. वर्षानुवर्षे समजेल असे फ्रेंच कानांवर पडल्याने या मुलांचे आकलन फ्रेंच मुलांच्या जवळ पोहोचले होते, मात्र बोलण्यातले आणि लिहिण्यातले व्याकरण बरेच मागे होते. १९८५ पासून स्वेन यांनी असे मांडले की नेमके सांगण्याची वेळ आली, म्हणजेच शब्द अडला, तरच आपल्याला काय येत नाही हे कळते. माझी पंधरा वर्षे वाचनात जाऊनही हात कच्चा का राहिला, याचे इतके अचूक वर्णन मला दुसरीकडे मिळाले नाही.

प्रतिसाद १

आपण दिलेला पुरावा माझ्याच बाजूचा आहे. शब्द अडला पाहिजे हे खरे, पण दुसऱ्याच्या उताऱ्यात तो अडतो तेव्हा उत्तर शेजारी ठेवलेले असते, आणि स्वतःच्या कथेत तो अडतो तेव्हा ते शोधावे लागते.

प्रतिसाद ३

चर्चा ‘चूक’ या शब्दाभोवती फिरते आहे, पण मराठी वळण सगळेच चूक असते का, हे कोणी विचारलेले नाही. हा प्रश्न जगात फार गांभीर्याने लढवला गेला आहे. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद १९६२ साली युगांडातील कंपाला येथे भरली होती. त्यानंतर नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अशी भूमिका घेतली की इंग्रजीला आपल्या अनुभवाचे ओझे पेलता आले पाहिजे, आणि त्यासाठी ती नव्याने घडवावी लागली तरी घडवावी; त्यांच्या कादंबऱ्यांत इग्बो या त्यांच्या मातृभाषेतल्या म्हणी इंग्रजीत येतात, पण त्यांचा ठसा इग्बोच राहतो. त्याच परिषदेला विद्यार्थी म्हणून आलेले केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो मात्र उलट निष्कर्षाला पोहोचले, आणि १९८६ साली त्यांनी इंग्रजीचा निरोप घेऊन यापुढे गिकुयू आणि स्वाहिली या भाषांतूनच लिहिण्याचे जाहीर केले. मी अचेबे यांच्या बाजूचा आहे. आपले इंग्रजी कोणत्याही इंग्रज माणसाच्या इंग्रजीसारखे गुळगुळीत करणे हे ध्येय असेल, तर त्या भाषेत आपण लिहिण्याचे कारणच उरत नाही.

मात्र येथे एक पळवाटही आहे, आणि मी ती स्वतः वापरलेली आहे. कच्चे वाक्य दाखवल्यावर ‘ही माझी शैली आहे’ असे म्हणायला फार सोपे असते. मी यासाठी स्वतःला एक कसोटी घालून घेतली आहे: त्याच वाक्याचे रूढ इंग्रजी रूप मला लिहिता येते का? येत असेल आणि तरीही मी दुसरे निवडले असेल, तर ती शैली. येत नसेल, तर ती उणीव. इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड यांचा जन्म १८५७ सालचा, मातृभाषा पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच. विशी ओलांडल्यावर जहाजांवर काम करताना त्यांनी इंग्रजी आत्मसात केली आणि पहिली कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या उच्चारांतले परकेपण अखेरपर्यंत गेले नाही, आणि लांब, वळणे घेत जाणाऱ्या त्यांच्या वाक्यांची लयही खास त्यांचीच राहिली. पण त्यांना साधे वाक्य लिहिता येत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रतिसाद ४

प्रभुत्व म्हणजे मोठे शब्द, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, म्हणून एवढेच जोडतो. १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा थर जुन्या जर्मॅनिक थरावर चढला. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे ‘आग’ आणि ‘अग्नी’, ‘घर’ आणि ‘गृह’ असेच दोन थर आहेत. शेजारणीला ‘तुमच्या गृही अग्नी लागला’ असे ओरडून कोणी सांगत नाही. पण इंग्रजी लिहिताना आपण नेमके तेच करतो: ‘बिगिन’ सोडून ‘कमेन्स’, ‘हेल्प’ सोडून ‘असिस्टन्स’. आपण बहुतेकांनी इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आणि अर्जांतून शिकल्यामुळे वरचा थर आधी हाती लागला आणि खालचा राहून गेला. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली लेखनाचे सहा नियम दिले, त्यांत छोटा शब्द पुरत असेल तेथे मोठा वापरू नये असा एक आहे. आणि सहावा असा की कानाला रानटी वाटेल असे काही लिहिण्यापेक्षा हे नियम मोडलेले बरे. त्या सहाव्या नियमाचा अधिकार मात्र कमवावा लागतो, या बाबतीत मी मूळ लेखकाच्या बाजूचा आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

सहा महिने कथा लिहू नये, ही अट मी मागे घेतो. किल्लीचे उदाहरण वाचल्यावर ती टिकणारी नाही. पण पुनर्रचना सोडावी हे मला पटलेले नाही. प्रतिसाद १ च्या लेखिकेला विनंती अशी की आपल्याच कथेतला एक परिच्छेद घ्यावा, त्याची त्रोटक टिपणे काढून आठवडाभर दूर ठेवावीत, आणि मग तो परिच्छेद न पाहता पुन्हा लिहावा. त्यात दुसऱ्याच्या शैलीपुढे स्वतःला पुसण्याचे भय नाही.

प्रतिसाद १

आठवडा झाला, करून पाहिले. पहिल्या मसुद्यातल्या अकरा वाक्यांपैकी सहा वाक्यांच्या आरंभी ‘देन’ होते. मराठी तोंडी निवेदनातला ‘मग’ मी नकळत ओळीओळीत ओतला होता, आणि इतक्या वेळा वाचूनही तो मला दिसला नव्हता. दुसऱ्या मसुद्यात तो एकदाच आला, जेथे खरोखर वेळ जातो तेथे. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करते. मात्र नव्या मसुद्यात किल्लीचे वाक्य अधिक नेटके आणि अगदी निर्जीव झाले होते. ते मी जुन्यातले होते तसेच परत ठेवले आहे. आणि कोणते काढायचे, कोणते ठेवायचे हे मला ठरवता आले, कारण ती कथा माझी होती. म्हणून क्रमाबद्दलचे माझे मत बदललेले नाही.